देवाजींच्या ताटातलं मीठ

१. दोनशे दहा

देवाजी रामटेक्यांच्या ताटातलं मीठ मी बंद केलं, त्याला त्या दिवशी बरोबर सहा आठवडे झाले होते. आणि रक्तदाबाचा पारा दोनशे दहावर उभा होता.

मी दंडावरचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा फुगवला. दोनशे दहाच. खालचा आकडा एकशे सोळा. घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. सहा आठवड्यांपूर्वी हाच माणूस एकशे नव्वदवर होता आणि पायांना सूज नव्हती. गोळ्या चालू, मीठ बंद, आणि दुखणं मात्र पुढेच चाललेलं.

"देवाजी, खरं सांगा. चोरून मीठ खाता ना?"

"नाही ना जी, डाक्टरसायेब. सहा हप्ते झाले, जिभेले मीठ लागलं नाही. मले डोळा पाहिजे. मी काहून खाऊ?"

देवाजी निवृत्त कंपोझिटर. अडतीस वर्षं छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही, तेव्हापासून दोन्ही वेळा भीमाबाईच्या खानावळीत जेवत. उजवा डोळा काचबिंदूनं कधीच गेला होता आणि डाव्यात मोतीबिंदू पिकला होता. हे १९७३ सालचं सांगतोय. तेव्हा मोतीबिंदू हिवाळ्यातच काढत. नागपूरच्या उन्हाळ्यात घामानं पट्टी भिजते, जखम चिघळते, म्हणून मार्च लागला की सर्जन हात लावत नसत. आमच्या सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं, वरचा आकडा एकशे साठच्या आत आणा, नाहीतर मी टेबलावर घेणार नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत हा डोळा थांबणार नव्हता. तारीख मिळाली होती सत्तावीस फेब्रुवारी. आज पाच होती.

देवाजींचा उरलेला एकच डोळा कोणीतरी चिमटीचिमटीनं पळवत होतं, आणि ते कोण याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. सगळं रांधत होती भीमाबाई.

मी तापट माणूस. नागपूरच्या सदर भागात मला ओरडणारा डॉक्टर म्हणत आणि त्याचं मला तेव्हा थोडं कौतुकही होतं. दवाखाना कंपाउंडर गिरिधरवर सोपवून मी तसाच दोन गल्ल्या ओलांडून खानावळीत गेलो. साडेअकराची वेळ, पंगत भरलेली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली चाळीस माणसं, आणि मधोमध हातात पळी घेऊन भीमाबाई.

"भीमाबाई, या माणसाचा डोळा जाणार आहे, आणि तो तुमच्या हातानं! बिनमिठाचं सांगता आणि मीठ घालता!"

चाळीस जणांचे घास हातात राहिले. भीमाबाईनं पळी गंजात, म्हणजे डाळीच्या पातेल्यात, ठेवली. तिच्या हनुवटीखाली एक शीर उडत होती.

"डाक्टरसायेब, जो हात डोळा घेते म्हणता, त्या हातानं मी वाढू काहून? आजपासून देवाजीभाऊचं ताट इथं लागणार नाही."

ती आत निघून गेली. मी वळलो तर दारात काठी टेकून देवाजी उभे होते. माझ्या मागोमाग आले होते, आणि सगळं ऐकलं होतं.

२. आत्याचा पहिला प्रश्न

यमूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गृहविज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर महाल भागातलं घर भावंडांना सोडून माझ्याकडे राहायला आली. त्या दुपारी ती वाल निवडत बसली होती. मी सगळी हकीकत सांगितली. शेवटी दाद मिळेल असं मला वाटलं होतं.

"तू त्यांचं वरण चाखून पाहिलंस?" तिनं विचारलं.

"नाही."

"भाजी?"

"नाही गं. पण दुसरं कोण असणार?"

"म्हणजे पेपर न तपासता नापास केलंस." तिनं सूप बाजूला ठेवलं आणि चपला शोधायला लागली. "आणि तो म्हातारा आज जेवला कुठे, हे तरी विचारलंस का?"

ते मी विचारलं नव्हतं.

चार वाजता आम्ही खानावळीच्या मागच्या दारी पोचलो. भीमाबाई मला बघून उठली नाही. आत्यानं मला हातानंच मागे सारलं आणि तिच्याशेजारी पाटावर बसली.

"हा माझा भाचा. ओरडतो फार, विचार कमी करतो. मला फक्त सांगा, देवाजींचं जेवण तुम्ही कसं करत होतात? अगदी पहिल्यापासून."

भीमाबाई उठली. मग तिनं कोनाड्यातून एक लहान गंज काढला. गळ्याला निळी चिंधी बांधलेली.

"हा देवाजीभाऊचा गंज. याले कोणी हात लावत नाही. साठ माणसांची डाळ मोठ्या गंजात शिजते. शिजली का मीठ पडाच्या आंधी दोन पळ्या यात काढून ठेवते. भाजीचंबी तसंच. मंग मोठ्या गंजात मीठ. बिनमिठाचं गिऱ्हाईक एक, बाकी साठ जणाले तर खारट-तिखट झणझणीत पाहिजे, नाही तर पंगतीतून उठून जातेत."

"आणि यांच्यात मिठाऐवजी काय?"

"काय टाकाव बाई? मिरची. भिवापूरची, दोन जास्त. मिठावाचून अन्न घशाखाली उतरते का? थेवढाच चटका जिभेले." तिचा आवाज बदलला. "माह्या घरचं माणूस गेलं तवा या देवाजीभाऊनं सोता छापखान्यात पाटी छापून आणून देल्ली. ‘भीमाबाई भोजनालय’. त्याच पाटीखाली मी त्यायच्या जिवावर उठीन?"

"मग माझं एक ऐका," आत्या म्हणाली. "तीन दिवस त्यांना पूर्वीसारखंच वाढा. काही बदलू नका, कमी नको, जास्त नको. चोर कोण ते मी शोधते."

भीमाबाईनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "वाढीन. माह्या नावाले लागलेला डाग मले पुसाचा हाय. पण डाक्टरसायेबानं इथं पाय ठेवाचा नाही."

परत येताना मी आत्याला म्हणालो की बाई साधी वाटते, पण खोटं बोलणारेही साधेच वाटतात. आत्या म्हणाली, "ती खरं बोलतेय. अडचण तीच आहे."

३. देवाजींची खोली

छापखान्यामागे देवाजींची एक खोली होती. खाट, कंदील, भिंतीशी पुस्तकांची उतरंड. देवाजी खाटेवर बसून एका लाकडी खोक्यातले खिळे बोटांनी चाचपत होते.

"हा ‘क्ष’," त्यांनी एक उचलून आत्याच्या तळहातावर ठेवला. "शिशाचं अक्षर बोटाले वाचता येते, बाई. कागदावरचं नाही येत. दोन वर्षं झाले, एक ओळ वाचली नाही."

मी खोली तपासायला लागलो. आत्या नुसती बसून राहिली. डब्यात मुरमुरे निघाले, ते मी चाखले. अळणी. माठातलं पाणी, गुळाचा खडा, चार संत्री. खिडकीत माझ्याच दवाखान्याची औषधाची बाटली होती, कडेला डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली, अर्धी संपलेली. तिच्याशेजारी तशाच तीन रिकाम्या. लोणच्याची बरणी नाही, फरसाण नाही, काही नाही.

"छातीत जळते ना जी," देवाजी म्हणाले. "थे पांढरं औषध घेतलं का बरं वाटते. डाक्टरसायेबाचे उपकार हायत. तीन टाइम घेतो, एक खाडा नाही."

"केव्हापासून जळतंय?" आत्यानं विचारलं.

"महिना तरी झाला. मीठ सुटल्यावर सुरू झालं."

मला ते ऐकून बरं वाटलं. निदान एका बाबतीत तरी माझा रोगी माझं ऐकत होता.

आत्या निघताना दारात थांबली. "देवाजी, तुम्हाला कोणावर संशय?"

देवाजींनी खिळा खोक्यात परत ठेवला, अगदी त्याच्या खणात. "नाव नाही घेणार, बाई. मले जो देते, थो मायेनंच देते. पण..." ते अडखळले. "गोपाळरावले काही बोलू नका. त्यायची नोकरी हाय."

गोपाळराव कोण, हे आम्ही विचारेपर्यंत त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

४. टेबलाखालची पुडी

गोपाळराव वानखडे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. एकटा माणूस, रोज देवाजींच्या समोर बसून जेवणारा. दुसऱ्या दिवशी आत्या खानावळीत जेवायला गेली. मला मनाई होती, म्हणून मी समोरच्या पानठेल्यावर उभा राहून तीन पानं खाल्ली.

आमच्या घरच्या कितीतरी बायका त्या ओट्यावर चढल्या नसत्या. आत्या चढली, बाकावर बसली, आणि भीमाबाई जरा घुटमळली तसं म्हणाली, "वाढा हो. मला देवाजींच्याच गंजातलं द्या." दोन पोळ्या जास्त मागून घेतल्या. पाचव्या मिनिटाला तिनं पाहिलं की गोपाळरावांचा डावा हात टेबलाखाली गेला, देवाजींचाही गेला, आणि परत आला तेव्हा देवाजींच्या मुठीत कागदाची पुडी होती. त्यांनी ती वरणावर अलगद झाडली.

"गोपाळराव," आत्या मोठ्यानं म्हणाली, "मलाही द्या थोडं."

गोपाळरावांच्या हातातला घास ताटात पडला. मी पानाची पिंक टाकून धावतच रस्ता ओलांडला आणि मनाई असूनही आत शिरलो.

"धरलं!" मी म्हणालो.

"गप्प बस," आत्या म्हणाली.

गोपाळरावांचे कान लाल झाले होते. "आमचूर हाय जी. बहीण पाठवते काटोलहून. देवाजी म्हने, मिठाचा मनाई हुकूम हाय, आंबट चालते का नाही ठाऊक नाही, अन डाक्टर वसकन अंगावर येते. म्हणून लपवून देत होतो. डाक्टरनं माह्या साहेबाले सांगितलं तर नोकरीचं काय..."

आत्यानं पुडीत उरलेली पूड जिभेवर धरली. बराच वेळ. मग मान हलवली. निव्वळ आमचूर, मीठ नाही.

माझ्या हाती लागलेला एकच चोर, तोही निर्दोष सुटला. भीमाबाईनं मला दाराकडे बोट दाखवलं. मी निघालो. आत्या विहिरीवर हात धुवायला गेली आणि तिथेच उभी राहिली. साबणाची वडी हातावर घासत होती, घासत होती.

"काय झालं?" मी कुंपणावरून विचारलं.

"या साबणाला फेस येत नाही, अनंता."

"सदरच्या विहिरींचं पाणी जड आहे. सगळ्यांना माहीत आहे."

"हो ना. या पाण्यात डाळ शिजायला दुपार व्हायला हवी. आणि भीमाबाईची डाळ अकरा वाजता लोण्यासारखी. शिवाय ते वरण," ती हात झटकत म्हणाली, "अळणी आहे, अगदी अळणी. पण घशातून उतरताना जरा बुळबुळीत लागतं."

मी म्हणालो की स्वयंपाकाचं परीक्षण नंतर कर, आधी मीठ शोध. आत्या माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू चौथीतल्या एखाद्या मुलीनं उलट उत्तर दिलं होतं.

५. सिंधूताईचा डबा

तिसऱ्या दिवशी आत्या एकटीच गेली. काय झालं ते तिनं घरी आल्यावर सांगितलं.

सिंधूताई ही भीमाबाईची जाऊ. पोळ्या लाटायचं काम तिचं. अबोल, कायम पाठमोरी. आत्यानं हेरलं की देवाजींचं ताट वाढून झालं की सिंधूताई पदराआड एक डबा उघडते, त्यातून काहीतरी काढते, निखाऱ्यावर धरते आणि देवाजींच्या ताटात ठेवते. दुसऱ्या कोणाच्याही नाही. भीमाबाईचंही तिकडे लक्ष नसायचं.

आत्या जाऊन तिच्यामागे उभी राहिली. सिंधूताईनं दचकून डबा पोटाशी धरला.

"त्यात काय आहे, बाई?"

"काही नाही जी."

"देवाजींचा डोळा त्यात आहे. उघडा."

डब्यात पापड होते. लहान, पातळ, उडदाचे. सिंधूताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बिनमिठाचे हायत जी. मिठाचा कण नाही, माह्या लेकराची शप्पथ. देवाजीभाऊ ताटावर बसून नुसते पाहत राहत, घास उतरत नव्हता. माह्या मनानं घेतलं का त्यायच्यासाठी येगळे पापड लाटावं. भीमावैनीले सांगितलं नाही. थे म्हणाली असती, डाक्टरले विचार. अन डाक्टर तं..."

"ओरडतो," आत्या म्हणाली.

"रोज चार देते. दोन सकाळी, दोन संध्याकाळी. थेवढ्यावरच त्यायचा भात जाते."

आत्यानं एक भाजून घेतला. हलका, फुललेला, चवदार. मीठ खरंच नव्हतं. तिनं तो पूर्ण खाल्ला, सिंधूताईची पाठ थोपटली आणि तिच्याकडून आणखी काहीतरी मागून रुमालात बांधून आणलं. ते काय, मला सांगेना.

संध्याकाळी माझ्या दवाखान्यात आली ती थेट गिरिधरकडे गेली. दोघं पडद्यामागे कुजबुजली. गिरिधर बाहेर आला तेव्हा माझ्या नजरेला नजर देईना.

"उद्या तीन वाजता खानावळीत ये," आत्या म्हणाली. "भीमाबाईची परवानगी काढली आहे. चोर सापडला."

"कोण?"

"तीन आहेत. त्यातला एक तुझ्या ओळखीचा आहे."

६. तीन वाट्या

तीन वाजता पंगती उठलेल्या होत्या. बाकावर देवाजी, शेजारी अर्धी रजा काढून आलेले गोपाळराव. चुलीपाशी भीमाबाई, तिच्यामागे सिंधूताई. मी दाराशीच उभा राहिलो, बसायला कोणी सांगितलं नाही.

आत्यानं टेबलावर तीन पांढऱ्या वाट्या मांडल्या. प्रत्येकीत कढत पाणी आणि चिमूटभर हळद. तिन्ही वाट्या पिवळ्याधमक.

"इथे कोणीही खोटं बोललेलं नाही," ती म्हणाली. "भीमाबाईंनी मीठ घातलं नाही. सिंधूताईंनी घातलं नाही. गोपाळरावांनी दिलं ते आमचूर. देवाजींनी चोरून खाल्लं नाही. अनंतानं सांगितलं मीठ बंद, आणि मीठ खरंच बंद झालं. सगळ्यांनी हुकूम तंतोतंत पाळला. तरी पाय सुजले. भीमाबाई, तुमच्या चुलीमागे कोकोचा जुना डबा आहे. त्यात काय असतं?"

"खायचा सोडा," भीमाबाई म्हणाली. "या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, बाई. आधणात मूठभर टाकला का अकरा वाजता पंगत बसते. सगळ्याच खानावळीत टाकतेत."

"म्हणजे देवाजींच्या दोन पळ्या तुम्ही मिठाच्या आधी काढता, पण सोड्याच्या नंतर." आत्यानं डब्यातली पूड पहिल्या वाटीत टाकली, ढवळली. पिवळं पाणी बघता बघता तांबूस झालं. देवाजी सोडून आम्ही सगळेच पुढे वाकलो.

"हळदीला खार लागला की ती लाल होते. आपलं कुंकू असंच करतात. सिंधूताई, मिठाशिवाय पापडाला चव यावी, तो फुलावा म्हणून तुम्ही काय केलंत?"

"पापडखार," सिंधूताई पुटपुटली. "नेहमीपेक्षा दुप्पट."

दुसऱ्या वाटीत रुमालातली पूड पडली. पाणी लालभडक झालं.

आता मला कळलं होतं. मिठातलं जे रक्तात पाणी धरून ठेवतं, पाय सुजवतं आणि दाब वाढवतं, ते सोडियम. तेच खायच्या सोड्यात, तेच पापडखारात. हे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकलो होतो. खारट लागत नाही म्हणून कोणाच्या जिभेला कळलं नाही, आणि जिभेला कळत नाही ते सांगायचं काम माझं होतं. मी फक्त ‘मीठ बंद’ म्हणून ओरडलो होतो.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी सोड्याचं बोललोच नाही."

"थांब," आत्या म्हणाली. "अजून तिसरी वाटी आहे. सोडा सहा आठवड्यांपूर्वीही डाळीत पडतच होता. पापडांनी भर घातली, पण चार पापडांनी एवढे पाय सुजत नाहीत. काहीतरी आणखी वाढलंय, आणि ते गेल्या महिन्यात. बघ हं. मीठ काढलं म्हणून भीमाबाईंनी मिरची वाढवली. मिरची वाढली म्हणून देवाजींच्या छातीत जळायला लागलं. जळायला लागलं म्हणून ते एका माणसाकडे गेले. त्या माणसानं त्यांना रोज तीन वेळा, खाडा न करता, काहीतरी पाजलं."

तिनं पिशवीतून देवाजींच्या खिडकीतली बाटली काढली. कडेला कातरलेली कागदी पट्टी. बूच उघडताच पेपरमिंटचा वास सुटला, आणि तो मी लगेच ओळखला. एक डोस तिसऱ्या वाटीत ओतला. पाणी विटकरी झालं.

"गिरिधरला विचारलं यात काय असतं. तो म्हणाला, मुख्यतः सोडा, डॉक्टरांनीच लिहून दिलाय. साडेतीन बाटल्या झाल्या."

गोपाळराव छताकडे बघत होते. मी आयुष्यात अनेकदा ओरडलोय, पण त्या खोलीतल्या शांततेइतकं मला कोणी झापलेलं नाही.

"डाक्टरसायेब," शेवटी देवाजीच म्हणाले, त्यांना वाट्यांचा रंग दिसला नव्हता, "मंग आता माह्या डोळ्याचं कसं?"

७. पंगतीसमोर

अजून एकोणीस दिवस होते. मी बाटली स्वतः मोरीत ओतली. भीमाबाई महापालिकेच्या नळाचं पाणी भरून आणायला लागली, देवाजींची डाळ रात्री भिजत घालून वेगळी शिजवायला लागली. मिरची जाऊन तिथे लिंबू, आमचूर आणि लसणाची फोडणी आली. आमचूर आता टेबलावरून दिलं जाई. सिंधूताईनं खार न घालता पापड लाटून पाहिले. ते फुलले नाहीत, चामट झाले, तरी देवाजी ते चावत बसत, कारण तिनं केले होते.

राहिलं होतं माझं काम. मी भीमाबाईला चाळीस माणसांसमोर बोललो होतो. चुलीपाशी हळूच माफी मागून ते फिटणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी साडेअकराला भरल्या पंगतीत उभा राहिलो.

"भीमाबाई, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं पाडलं. खोटा मीच होतो. देवाजींना सगळ्यात जास्त सोडा माझ्या औषधातून गेला. तुम्ही या माणसाला जपलंत, आणि मी न बघता तुमच्यावर आळ घेतला. माझी चूक झाली. मला माफ करा."

भीमाबाई वाढत होती. थांबली नाही. तीन ताटांत भात घातला, मग म्हणाली, "बसा."

"अं?"

"उपाशी पोटी माफी मागून राहिले तुमी. बसा, वाढते. तुमालेबी बिनमिठाचंच देणार हाय. आठ दिवस."

पंगत हसली. मी आठ दिवस जेवलो. तिसऱ्या दिवशी भात घशाखाली उतरेना, तेव्हा देवाजींनी काय सोसलं होतं ते मला समजलं.

बारा फेब्रुवारीला पारा एकशे चौऱ्याऐंशी. एकोणीसला एकशे अडुसष्ट. सव्वीसच्या संध्याकाळी मी पट्टा फुगवला तेव्हा खोलीत आत्या, भीमाबाई, सिंधूताई, गोपाळराव आणि गिरिधर सगळे श्वास रोखून उभे होते. एकशे छप्पन. मी आकडा सांगितला आणि ओरडणारा डॉक्टर गिरिधरच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. ते अजूनही सदरमध्ये कोणी कोणी सांगतात.

सत्तावीसला ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं, भर एप्रिलात, जाड भिंगांचा चष्मा आला. मला वाटलं देवाजी आधी पुस्तक उघडतील. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, काठी खोलीतच ठेवली आणि उन्हातून चालत खानावळीत गेले. मी मागे होतो. भीमाबाई ओट्यावर डाळ निवडत होती. देवाजी तिच्यासमोर उभे राहिले आणि बघत राहिले, इतका वेळ की ती लाजली.

"काय पाहता देवाजीभाऊ? काय झालं?"

"दोन वर्षं न पाहता तुह्या हातचं खाल्लं वं, भीमाबाई," देवाजी म्हणाले. "तू एवढी थकली, अन कोणी मले सांगितलंच नाही."

भीमाबाईनं पदर डोळ्यांना लावला. मग तिनं सूप खाली ठेवलं, बाकावर थोडी सरकली, आणि त्या खानावळीत पहिल्यांदाच हातात काही काम न घेता नुसती बसून राहिली. देवाजी तिच्या शेजारी बसले. डाळ त्यांनी निवडायला घेतली. खडा न खडा त्यांना दिसत होता.